व्होल्ट आणि अँपिअर मोजून ओहम आणि वॅट कसे काढावेत

एका पावसाळ्यात माझ्या जुन्या मोटारसायकलीचा हेडलाइट इतका मंद पडला, की सिंहगड रस्त्यावरून रात्री घरी येताना समोरचा खड्डा चाक त्यात गेल्यावरच कळू लागला. नवा बल्ब आणण्यापूर्वी मी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजणारा मीटर, लावून पाहिला. इंजिन बंद आणि दिवा चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १२.४ व्होल्ट दाब होता आणि दिव्याच्या तारेतून २.७ अँपिअर धारा वाहत होती. गुणाकार केला तेव्हा सुमारे ३३.५ वॅट आले. बल्बवर ३५ वॅट छापले होते. म्हणजे हिशेबाप्रमाणे बल्ब जवळजवळ पूर्ण शक्तीने जळत होता, पण समोरच्या भिंतीवरचा पिवळट उजेड पाहून ते खरे वाटत नव्हते. मग मीटरच्या तारांची दोन्ही टोके, म्हणजे प्रोब, बॅटरीवरून उचलून मी बल्बच्या होल्डरमागच्या टोकांना टेकवले. तेथे १०.४ व्होल्टच होते.

गुणाकार बरोबर होता. पण मी धारा बल्बची घेतली होती आणि दाब बॅटरीचा. बल्बच्या वाट्याला १०.४ गुणिले २.७, म्हणजे २८.१ वॅटच येत होते आणि उरलेले २ व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. २ गुणिले २.७ म्हणजे ५.४ वॅट, ही शक्ती बॅटरी आणि बल्ब यांच्यामधल्या तारा, बटण आणि जोड तापवण्यात जात होती. त्या वाटेचा रोध २ भागिले २.७, म्हणजे सुमारे ०.७४ ओहम निघाला, आणि धड तारेचा तो इतका असूच शकत नाही. हँडलखालचा कनेक्टर उघडला तर आतल्या पितळी पिनांवर हिरवट थर चढलेला होता. पॉलिश पेपरने तो खरवडून काढल्यावर बल्बवर १२.१ व्होल्ट मिळू लागले आणि नवा बल्ब घ्यावा लागला नाही.

रोध आणि शक्ती काढण्याचे गणित पाचवी-सहावीच्या मुलालाही जमेल असे आहे. न जमणारी गोष्ट वेगळीच असते: भागाकारात किंवा गुणाकारात घालायचे दोन्ही आकडे एकाच वस्तूचे आणि एकाच वेळचे असावे लागतात. पुढे जे काही लिहिले आहे, ते मुख्यतः हे कसे साधायचे याविषयी आहे.

दोन समीकरणे आणि त्यांतून निघणारी आणखी दोन

शाळेच्या पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध हे शब्द येतात. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विजेच्या सामानाचा दुकानदार व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स म्हणतो. आणि वायरमन जेव्हा ‘लोड किती आहे’ असे विचारतो, तेव्हा त्याला वॅट किंवा अँपिअर यांपैकी काहीही चालते. येथे मी दाब, धारा, रोध आणि शक्ती हे चार शब्द वापरणार आहे.

रोध (ओहम) = दाब (व्होल्ट) ÷ धारा (अँपिअर)

शक्ती (वॅट) = दाब (व्होल्ट) × धारा (अँपिअर)

पहिल्या समीकरणातून दाबाची किंवा धारेची किंमत काढून ती दुसऱ्यात घातली, की शक्तीची आणखी दोन रूपे मिळतात:

शक्ती = धारा × धारा × रोध

शक्ती = दाब × दाब ÷ रोध

ही समीकरणे पाठ होण्यासाठी अनेक ठिकाणी एक त्रिकोण शिकवतात, ज्यात हवी असलेली राशी बोटाने झाकायची असते. मला तो फारसा आवडत नाही, कारण त्रिकोण लक्षात राहतो आणि अर्थ निसटतो. दाब म्हणजे धारा ढकलणारा जोर आणि रोध म्हणजे तिला होणारी अडवणूक, एवढे मनात असले की भागाकार कोणत्या बाजूने करायचा हे वेगळे आठवावे लागत नाही.

शेवटची दोन रूपे शेजारी ठेवली की विद्यार्थ्यांना एक शंका हमखास येते, आणि ती रास्त आहे. एक समीकरण म्हणते की रोध वाढला की शक्ती वाढते. दुसरे म्हणते की रोध वाढला की शक्ती कमी होते. मग खरे कोणते? दोन्ही खरी आहेत. प्रश्न एवढाच, की तुमच्या मंडलात, म्हणजे सर्किटमध्ये, बाहेरून काय ठरवून दिलेले आहे. घरातल्या प्लगवर दाब ठरलेला असतो, म्हणून तेथे कमी रोधाची वस्तू जास्त शक्ती घेते. २००० वॅटच्या गिझरच्या कॉईलचा रोध १००० वॅटच्या इस्त्रीच्या निम्मा असतो तो यामुळेच. याउलट गिझरकडे जाणाऱ्या तारेतून किती धारा वाहावी हे तार ठरवत नाही, गिझर ठरवतो. तेव्हा त्या तारेतला एखादा सैल स्क्रू, म्हणजे थोडासा वाढीव रोध, जास्तच तापतो. माझ्या हेडलाइटचा कनेक्टर याच दुसऱ्या जातीचा होता.

एकाच वेळचे आकडे घेण्याची अडचण खुद्द ओहम यांनाही आली होती. गेऑर्ग झिमोन ओहम हे जर्मनीत शाळेत शिकवत असत. त्यांनी आधी रासायनिक विद्युतघट वापरून प्रयोग केले. पण त्या काळच्या घटांचा दाब धारा घेताघेताच घसरत असे, आणि त्यामुळे त्यांचे सुरुवातीचे सूत्र चुकले. मग त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांचे तापयुग्म, म्हणजे दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर दाब देणारी धातूंची जोडी, घेतले, त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा वितळत्या बर्फात ठेवला, आणि स्थिर दाब मिळवला. त्यानंतर १८२७ साली प्रसिद्ध झालेला, वरच्या पहिल्या समीकरणामागचा त्यांचा नियम आजही आपण जसाच्या तसा वापरतो.

एककांबाबत एकच सूचना पुरेशी आहे. मिलिअँपिअर असतील तर आधी हजाराने भागून अँपिअर करावेत. २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर. ज्यांना रोजच असे हिशेब करावे लागतात ते हा त्रासही घेत नाहीत: व्होल्टला मिलिअँपिअरने भागले की उत्तर थेट किलोओहममध्ये येते आणि गुणले की मिलिवॅटमध्ये.

मीटर कोठे आणि कसा लावावा

दाब मोजताना मीटर वस्तूला समांतर लावतात, म्हणजे दोन प्रोब वस्तूच्या दोन टोकांना टेकवतात. काहीही तोडावे लागत नाही. धारा मोजताना मात्र मंडल एका जागी तोडून मीटर मध्ये घालावा लागतो, शाळेच्या भाषेत एकसर जोडावा लागतो, कारण सगळी धारा त्याच्यातून जायला हवी. त्यासाठी मल्टिमीटरचा लाल प्रोब वेगळ्या सॉकेटमध्ये घालायचा असतो. काळा नेहमी ‘कॉम’ लिहिलेल्या सॉकेटमध्येच राहतो.

या लाल प्रोबने पुष्कळ मीटर घालवले आहेत, आणि त्यांत माझाही एक आहे. तपकीर गल्लीतून आणलेल्या माझ्या पहिल्या मीटरने मी धारा मोजली, डायल फिरवून दाबावर आणली, पण लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच राहिला, आणि तसाच तो बॅटरीच्या टोकाला लावला. धारा मोजण्याच्या सॉकेटमागे जवळजवळ शून्य रोधाची जाड तार असते. १२ व्होल्टला शून्याजवळच्या संख्येने भागल्यावर काय येते ते मला प्रत्यक्ष दिसले. प्रोबचे टोक बॅटरीला चिकटले, वायरचे आवरण मऊ झाले आणि खोलीभर जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरला. स्वस्त मीटरमध्ये त्या सॉकेटला फ्यूजही नसतो, आणि तसे शेजारी बारीक अक्षरांत छापलेले असते. तेव्हापासून धारा मोजून झाली की लाल प्रोब आधी जागेवर, मग बाकी सगळे, अशी मी सवय लावून घेतली आहे. घरच्या २३० व्होल्टवर हीच चूक झाली तर ती मीटरवर भागत नाही. मोजणाऱ्याच्या हातापर्यंत येते.

म्हणून घरच्या विजेवर मंडल तोडून धारा मोजूच नये. त्यासाठी क्लॅम्प मीटर असतो. त्याचा जबडा उघडून तारेभोवती मिटायचा, की तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरून तो धारा सांगतो. मात्र जबड्यात एकच तार घ्यावी लागते. इस्त्रीची अख्खी केबल जबड्यात घातली तर मीटर शून्य दाखवतो, कारण फेजमधून जाणारी आणि न्यूट्रलमधून परतणारी धारा एकमेकींचे क्षेत्र खोडून काढतात. यावर उपाय म्हणजे आखूड एक्स्टेंशन घेऊन, ते प्लगमध्ये नसताना, त्याचे वरचे आवरण सोलून आतल्या तारा सुट्या करणे. प्रत्येक तारेचे स्वतःचे आवरण शाबूत राहिले पाहिजे. धारा फार कमी असेल तर तीच तार जबड्यातून दहा वेळा फिरवून घ्यावी आणि आलेला आकडा दहाने भागावा, ०.०८ अँपिअर नीट न दाखवणारा मीटर ०.८ अँपिअर व्यवस्थित दाखवतो. आणखी एक गोष्ट: स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त प्रत्यावर्ती धारा, म्हणजे घरच्या विजेची एसी, मोजतात. बॅटरीवरच्या मंडलासाठी दिष्ट धारा, म्हणजे डीसी, मोजणारा क्लॅम्प आहे ना, हे घेतानाच विचारावे.

मीटर स्वतःही मंडलाचा भाग होतो, याचा विसर पडू नये. बहुतेक डिजिटल मल्टिमीटरचा दाब मोजतानाचा रोध १० मेगाओहमच्या, म्हणजे एक कोटी ओहमच्या, आसपास असतो. इस्त्री किंवा बल्ब यांच्यापुढे ही संख्या इतकी मोठी आहे की तिने काहीच बिघडत नाही. पण १ मेगाओहमच्या रोधकाला (रेझिस्टरला) हाच मीटर समांतर लावून, दोघांची एकत्र धारा मोजून भागाकार केला, तर उत्तर ०.९१ मेगाओहम येते, म्हणजे नऊ टक्के चूक. अशा मोठ्या रोधासाठी दाबाचा मीटर अशा जागी लावावा की त्याची स्वतःची धारा धारामापकातून जाणार नाही. लहान रोधासाठी नेमके उलटे करावे आणि दाब थेट वस्तूच्या टोकांवरच मोजावा, कारण तेथे धारामापकाचा आणि तारांचा रोधच जास्त त्रास देतो.

इस्त्रीचे उदाहरण

आपल्याकडे घरगुती पुरवठा नाममात्र २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो. इस्त्रीवर १००० वॅट, २३० व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर एकही मीटर न लावता दोन गोष्टी समजतात: धारा १००० भागिले २३०, म्हणजे ४.३५ अँपिअर, आणि रोध २३० भागिले ४.३५, म्हणजे सुमारे ५२.९ ओहम.

आता प्रत्यक्ष मोजमाप. आमच्या वाड्यातली वायरिंग जुनी आहे. संध्याकाळी इस्त्री लावण्यापूर्वी प्लगवर २१९ व्होल्ट होते; इस्त्री लावून तिचा लाल दिवा पेटल्यावर त्याच बोर्डावरच्या शेजारच्या प्लगमध्ये २१५ व्होल्ट राहिले. क्लॅम्पवर ४.०६ अँपिअर दिसले. येथे २१९ वापरण्याचा मोह होतो, कारण तो आकडा आधीच वहीत लिहिलेला असतो. पण २१९ व्होल्ट होते तेव्हा धारा वाहतच नव्हती, आणि धारा वाहू लागली तेव्हा २१९ उरले नव्हते. म्हणून:

रोध = २१५ ÷ ४.०६ = ५३.० ओहम

शक्ती = २१५ × ४.०६ = ८७३ वॅट

रोध छापील माहितीशी जुळला, शक्ती मात्र १२७ वॅटने कमी भरली. दाब साडेसहा टक्क्यांनी कमी होता आणि शक्ती जवळजवळ तेरा टक्क्यांनी घटली. दाबाचा वर्ग होतो म्हणून घट दुप्पट दिसते. ‘संध्याकाळी इस्त्री नीट तापत नाही’ ही घरातली तक्रार खोटी नसते, आणि इस्त्रीही बिघडलेली नसते. त्या ४ व्होल्टच्या घसरणीवरून तारांचा रोधही निघतो: ४ भागिले ४.०६, म्हणजे सुमारे १ ओहम. वायरमनला बोलवायचे की नाही, हे मी त्या आकड्यावरून ठरवले.

येथे थोडे नशीबही आपल्या बाजूने होते. इस्त्रीची, गिझरची किंवा शेगडीची तार नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, असते आणि तिचा रोध तापल्यावर फारच थोडा बदलतो. जुन्या फिलामेंटच्या बल्बचे तसे नसते. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध २३० गुणिले २३० भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम असतो. तोच बल्ब काढून, गार झाल्यावर, मल्टिमीटरच्या ओहमच्या डायलवर मोजला तर ४० ओहमच्या आसपास आकडा येतो. तो खरा धरून शक्ती काढली तर १३०० वॅटच्या वर जाते. मीटर चुकलेला नसतो. बल्बच्या तारेतल्या टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर बारा-तेरा पटींनी वाढतो, आणि आपण गार बल्बचा रोध आणि तापलेल्या बल्बचा दाब एकत्र आणलेले असतात. दाब आणि धारा मोजून रोध काढण्याचा फायदा हाच, की वस्तू काम करत असतानाचा रोध मिळतो. ओहमच्या डायलने तो कधीच मिळत नाही, कारण वीज चालू असताना ती डायल वापरायचीच नसते.

मखराची माळ

गणपतीच्या आधी एलईडीची पट्टी स्वतः जोडणारे पुष्कळ जण भेटतात, आणि त्यांचा एक ठरलेला घोटाळा असतो. समजा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर आहे, ३.२ व्होल्टचे तीन पांढरे एलईडी एकसर जोडले आहेत आणि त्यांना २० मिलिअँपिअर धारा द्यायची आहे. मध्ये रोधक किती ओहमचा घालावा? घाईत १२ भागिले ०.०२ करून ६०० ओहम काढले जातात, आणि मग माळ पेटते पण काजव्यासारखी. कारण रोधकावर १२ व्होल्ट येतच नाहीत. तिन्ही एलईडी मिळून ९.६ व्होल्ट घेतात आणि रोधकाच्या वाट्याला फक्त २.४ व्होल्ट उरतात:

रोध = २.४ ÷ ०.०२ = १२० ओहम

शक्ती = २.४ × ०.०२ = ०.०४८ वॅट

पाव वॅटचा रोधक येथे निवांत पुरतो. दुकानात १२० ओहमचा रोधक सहज मिळतो. त्यावर ओहमचा आकडा सांगणारे तपकिरी, लाल, तपकिरी असे पट्टे असतात. मात्र मी तरी तो लावण्यापूर्वी ॲडॅप्टरचा दाब माळ जोडलेल्या स्थितीत मोजतो. १२ ऐवजी १२.६ व्होल्ट असतील तर रोधकावर ३ व्होल्ट पडतात आणि धारा २५ मिलिअँपिअर होते. दाबात पाच टक्के वाढ, धारेत पंचवीस टक्के. अशा वेळी १५० ओहमचा घ्यावा.

खुद्द एलईडीला ३.२ भागिले ०.०२ असा भागाकार लावून १६० ओहम हा ‘रोध’ काढता येतो, पण त्याचा काही उपयोग नाही, कारण धारा थोडी बदलली की तो आकडाही बदलतो. एलईडी ओहमचा नियम पाळत नाही. शक्तीचा गुणाकार मात्र त्यालाही लागू पडतो: ३.२ गुणिले ०.०२ म्हणजे ०.०६४ वॅट.

मांडवातली लांब तार

मांडवात वीज नेताना वस्तूपेक्षा तारेचाच हिशेब महत्त्वाचा ठरतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला दर किलोमीटरमागे सुमारे १३.३ ओहम असतो. मांडव ३० मीटर लांब असेल तर धारा जाऊन परत येते, म्हणून ६० मीटर धरावेत. हे विसरले की उत्तर निम्मे येते. ०.०६ गुणिले १३.३ म्हणजे ०.८ ओहम. हॅलोजन मिळून १० अँपिअर घेत असतील तर:

तारेतली घसरण = १० × ०.८ = ८ व्होल्ट

तारेतली उष्णता = १० × १० × ०.८ = ८० वॅट

बोर्डावर २३० असतील तर दिव्यांवर २२२ पोहोचतात. ही ८० वॅट उष्णता ३० मीटरवर पसरलेली असली तर हाताला तार जेमतेम कोमट लागते. पण ‘उरलेली तार राहू दे रीळवरच’ म्हणून तिचे वेटोळे पडद्यामागे गादीखाली सरकवले, तर तीच उष्णता एका जागी कोंडते, तार तापते आणि तापल्यावर तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. ऐन वेळी कोणी आणखी दिवे जोडून धारा १५ अँपिअर केली, तर उष्णता दीडपट होत नाही. १५ गुणिले १५ गुणिले ०.८, म्हणजे १८० वॅट होते. वेटोळे पूर्ण उलगडून ठेवायला मांडववाला कुरकुर करतो, तरी त्याला ते करायला लावावे.

मोटर आली की सावध

पंखा, मिक्सर, पंप यांना वरचा भागाकार जसाच्या तसा लावू नये. फिरती मोटर स्वतःच उलट दाब निर्माण करते आणि धारा अडवते. १२ व्होल्टची छोटी मोटर फिरताना १.५ अँपिअर घेत असेल, तर १२ भागिले १.५ म्हणजे ८ हा तिच्या तारांचा रोध नव्हे. तिचा दांडा घट्ट धरून क्षणभर धारा मोजली आणि ८ अँपिअर भरली, तर रोध १.५ ओहम. फिरताना ती १८ वॅट घेते, आणि त्यातले १.५ गुणिले १.५ गुणिले १.५, म्हणजे जेमतेम ३.४ वॅट तिच्या तारांत उष्णता होतात; बाकीचे बहुतांशी कामाला लागतात. ती अडकली तर ९६ वॅट, आणि सगळी उष्णता. कचरा अडकलेला पंप जळतो तो असा.

प्रत्यावर्ती विजेवर आणखी एक भानगड असते: मोटरमध्ये दाब आणि धारा यांचे चढउतार एकाच क्षणी होत नाहीत. पंखा २३० व्होल्टवर ०.३६ अँपिअर घेत असेल, तर गुणाकार ८२.८ येतो, पण प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर ७५ दाखवतो. ७५ भागिले ८२.८, म्हणजे ०.९१, हा त्याचा शक्तिगुणक, ज्याला सगळे पॉवर फॅक्टर म्हणतात. क्लॅम्प आणि मल्टिमीटर यांच्या जोडीने तो कळत नाही; त्यासाठी दोन्ही लहरी एकाच क्षणी पाहणारा मीटर लागतो. इस्त्री, गिझर आणि फिलामेंटचा बल्ब यांचा शक्तिगुणक जवळजवळ १ असतो, म्हणून तेथे साधा गुणाकार चालतो.

उत्तर किती अंकांपर्यंत लिहावे

कॅल्क्युलेटर ५२.९५५६६५ दाखवतो म्हणून तेवढे लिहू नये. दाबात एक टक्का आणि धारेत दोन टक्के चूक शक्य असेल, तर रोधात आणि शक्तीत दोन्हींची बेरीज, म्हणजे तीन टक्क्यांपर्यंत चूक होऊ शकते. दाबाच्या वर्गावरून शक्ती काढली तर दाबातली चूक दुप्पट होते. म्हणून ५३ ओहम, ८७३ वॅट, एवढे पुरे; आणि क्लॅम्प साधा असेल तर ८७० म्हणणेच अधिक प्रामाणिक.

इस्त्रीचे ते उत्तर मी नंतर दाराशेजारच्या विजेच्या मीटरवर पडताळून पाहिले. आमच्या मीटरवर दर युनिटला ३२०० असे छापलेले आहे, म्हणजे एक युनिट, अर्थात १००० वॅट तासभर, वापरले गेले की त्याचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. फ्रिजसकट सगळे बंद केले, इस्त्री लावली, आणि तिचा दिवा पेटलेला असताना घड्याळ लावून मिनिटभर मोजले: ४७. म्हणजे ४७ गुणिले ६० भागिले ३२००, ०.८८१ किलोवॅट, किंवा ८८१ वॅट. क्लॅम्पने ८७३ सांगितले होते. एक लुकलुक कमी-जास्त झाली तरी १९ वॅटचा फरक पडतो, त्यामुळे हे आठ वॅट काही सिद्ध करत नाहीत. पण मीटरचा आकडाच मोठा असणार, अशी माझी अपेक्षा होती, कारण तो इस्त्रीबरोबरच दारापासून प्लगपर्यंतच्या त्या जुन्या तारांतली उष्णताही मोजतो.